हरलेला मोसम : १९११ च्या हिंदी क्रिकेट संघाची हकीकत

मुळा नदीच्या एका तीरावर दापोडी आणि दुसऱ्या तीरावर बोपोडी व खडकीची छावणी. या दोन तीरांस जोडणाऱ्या पुलाला लोक हॅरिस पूल म्हणतात. पुणें-मुंबई रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्या असंख्य माणसांच्या तोंडीं हें नांव असतें. पण तें ज्या गृहस्थांचें, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होण्यापूर्वीं इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत असते. लॉर्ड हॅरिस १८९० पासून १८९५ पर्यंत येथें अधिकारावर होते. गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम एके काळीं खुद्द दापोडीस असे. पुढें गणेशखिंडींत टोलेजंग वाडा उठला आणि दापोडीचें तें वैभव सरलें. १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा पेटला असतां गव्हर्नरसाहेब मात्र पुण्यास क्रिकेटमध्यें दंग राहिले, असा बोल त्या वेळच्या टीकाकारांनीं त्यांस लावला होता.

क्रिकेटच्या योगानें हिंदी लोकांच्या अंगीं शिस्त, धैर्य आणि सहकार्य हे गुण बाणतील, अशी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची श्रद्धा असे, आणि हॅरिससाहेब त्यांचे अग्रणी. श्रद्धा वाईट नव्हती. परंतु या गुणांची खरी परीक्षा इंग्लंडांत १९११ च्या उन्हाळ्यांत झाली, आणि त्या परीक्षेंत जो एक मनुष्य निर्विवाद उत्तीर्ण झाला, तो हॅरिससाहेबांच्याच कारकीर्दींत पुण्याच्या छावणींत दरमहा चार रुपयांवर गोऱ्या लोकांची खेळपट्टी झाडीत होता. त्याचें नांव पालवणकर बाळू.

पालवणकर हें आडनांव कोंकणांतील पालवण गांवावरून आलें. अस्पृश्य गणलेल्या चर्मकार समाजांतील हें कुटुंब. वडील लष्करी नोकरींत असल्यामुळें मुलें छावण्यांच्या आसऱ्यानें वाढलीं. बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाडास झाला. पण बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे क्रिकेट शिकले तें पुण्यास, अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटींनीं आणि चेंडूंनीं. पहिली नोकरी एका पारशी क्लबांत लागली. काम जमीन झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें, आणि पगार तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबांत आले आणि पगारांत एका रुपयाची भर पडली. तेथें जाळें बांधणें, खेळपट्टी तयार करणें हीं कामें होतींच. त्यांत आणखी एक काम हळूहळू येऊन मिळालें. एका साहेबानें या पोऱ्याच्या हातीं चेंडू दिला आणि आपणांस गोलंदाजी करण्यास सांगितलें. डावखुरा हात, धीमी चाल, चेंडूस दोहों बाजूंस वळविण्याची करामत, आणि एकाच टिच्चून ठरविलेल्या जागीं पुनःपुन्हां चेंडू टाकण्याची अचूकता, हे गुण मग सर्व क्लबास दिसून आले. मुंबई इलाख्यांतील गोऱ्या फलंदाजांत अग्रगण्य असलेले जे. जी. ग्रेग हे रोज तास दीड तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत; आपणांस बाद केल्यास दर वेळीं ते आठ आणे बक्षीस देत असत, असें सांगतात. एका बाजूनें पाहतां बाळूंचा सराव ग्रेगच्या खर्चानें झाला. दुसऱ्या बाजूनें पाहतां ग्रेगची कीर्ति बाळूंच्या घामावर वाढली. बाळूंच्या हातीं बॅट मात्र पूना क्लबांत कोणीं दिली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

पैसे घेऊन खेळणारा आणि मौजेखातर खेळणारा हा भेद केवळ पुण्याचा नव्हे. इंग्लंडांत 'जंटलमन' आणि 'प्लेयर' हे दोन वर्ण क्रिकेटमध्यें रीतसर पाळले जात. एकाच संघांतले असले तरी पगारी खेळाडूंस कपडे बदलण्याची खोली निराळी आणि मैदानांत उतरण्याचें दार निराळें. छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नांवाचीं आद्याक्षरें आडनांवाच्या आधीं आणि पगारी खेळाडूचीं नंतर. दिवसभर गोलंदाजी करण्याचें कष्टाचें काम बहुधा पगारी मनुष्याकडे, आणि कर्णधारपद बहुधा हौशी गृहस्थाकडे. हा भेद इंग्लंडांत १९६२ सालीं रीतसर मोडला. म्हणजे हिंदुस्थानास स्वातंत्र्य मिळाल्यावर पंधरा वर्षांनीं. अमेरिकेंतली तऱ्हा आणखी गंमतीची. तेथें ज्या फुटबॉलमध्यें चेंडू हातानें उचलून धांवतात, त्याचा पहिला ज्ञात पगारी खेळाडू हेफेलफिंगर हा १८९२ च्या नोव्हेंबरांत पिट्सबर्गकडील एका क्लबासाठीं एकच सामना पांचशें डॉलरांवर खेळला. क्लब हौशी म्हणविणारा असल्यामुळें ही रक्कम क्लबाच्या हिशेबवहींत दडून राहिली आणि पुष्कळ वर्षांनीं उजेडांत आली. त्याच वर्षाच्या सुमारास पुण्याचा हा गोलंदाज चार रुपये दरमहावर आला. त्याचा पगार कोणास लपवावा लागला नाहीं, कारण तो खेळण्याचा पगार आहे असें कोणी मानीतच नव्हतें. तो झाडण्याचा पगार होता.

पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्या संघावर जय मिळवावयाचा होता आणि त्यासाठीं बाळूंवांचून गत्यंतर नव्हतें. बाळूंना संघांत घ्यावें कीं नाहीं, यावर क्लबांत बराच खल झाला. कांहीं ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, कांहींचा आग्रह होता. शेवटीं ग्रेगसाहेबांनींच वर्तमानपत्रांतून असा अभिप्राय दिला कीं, बाळूंस वगळणें हा हिंदूंचा मूर्खपणा होईल. तेव्हां बाळू संघांत आले. मैदानावर सर्वांनीं त्यांच्या हातचा चेंडू घेतला. मैदानाबाहेर त्यांस चहा मातीच्या निराळ्या भांड्यांतून, पॅव्हिलियनच्या बाहेर दिला जाई आणि जेवणाचें ताट निराळें मांडलें जाई. जो चेंडू बाळूंच्या बोटांतून सुटून पुन्हां दहा जणांच्या हातीं फिरतो, त्यास विटाळ नाहीं, पण कपास आहे, हें शास्त्र कोणत्या स्मृतींत सांपडतें कोण जाणे! साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याचा पाडाव बाळूंच्या गोलंदाजीनें झाला तेव्हां पुण्यांत त्यांचा सत्कार झाला आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या भेदावर उघड बोट ठेवलें. खेळांत चालतो तो पंगतीला कां चालूं नये, असा त्यांचा प्रश्न होता.

प्लेगच्या साथीच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले, तेथें बॉम्बे-बडोदा रेल्वेंत त्यांस नोकरी मिळाली आणि हिंदु जिमखान्याचे ते प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघानें मुंबईच्या युरोपियन संघाशीं सामना केला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. एकशें नऊ धावांनीं जय मिळाला आणि तो मिळवून देण्यांत बाळूंचा हात मोठा होता. त्या दिवशीं मुंबईंत जो आनंद झाला त्याचें कारण केवळ क्रिकेट नव्हतें. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस, स्वदेशीची चळवळ ऐन भरांत. आणि रशियावर जपाननें मिळविलेला जय ताजा. अशा वेळीं गोऱ्यांच्या खेळांत गोऱ्यांचा पराभव ही गोष्ट एखाद्या मोठ्या सभेइतकीच बोलकी झाली.

सर्व हिंदुस्थानचा म्हणून एक संघ इंग्लंडास पाठवावा, ही कल्पना तत्पूर्वींच निघाली होती. १८८६ आणि १८८८ सालीं पारशी संघ विलायतेस जाऊन आले होते. त्यांपैकीं पहिल्या दौऱ्याचा हिशेब असा : सामने २८, जय १, पराजय १९, बाकीचे अनिर्णित. दुसऱ्या दौऱ्यांत ३१ सामन्यांपैकीं ८ जिंकले आणि डॉ. पावरी यांनीं १७० बळी घेतले. दोनच वर्षांत एवढी प्रगति झालेली पाहून हरण्याची लाज पारशांस वाटेनाशी झाली असावी. परंतु 'सर्व हिंदुस्थान' हा शब्द उच्चारतांच भांडणास सुरुवात झाली. पारशी किती, हिंदु किती, मुसलमान किती, यावर एकदां-दोनदां हा बेत मोडला. अखेर १९०९ नंतर पुढाऱ्यांनीं मनावर घेतलें, वर्गणी जमली आणि १९११ च्या मे महिन्यांत संघ मुंबईहून निघाला.

हा संघ कसा बनला होता तें नीट पाहण्यासारखें आहे, कारण पुढच्या मोसमाचें फळ बव्हंशीं या घटनेंतच पेरलेलें होतें. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. वय एकोणीस वर्षांचें. महाराज जोमदार फटकेबाज होते, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांस कर्णधारपद मिळालें तें फटक्यांमुळें नव्हे. पारशांत डॉ. होरमसजी कांगा, मेहेरहोमजी, मुल्ला, वॉर्डन, बलसारा आणि महाराजांचे चिटणीस मिस्त्री. हिंदूंत बाळू, शिवराम, मुकुंदराव पै, बंगलोरकडचे जयराम आणि मद्रासचे यष्टिरक्षक शेषाचारी. शिवाय अलीगडच्या महाविद्यालयांतून पुढें आलेले सलामुद्दीन, शफकत हुसेन आदि मुसलमान तरुण. रणजितसिंहजी या संघांत नव्हते. म्हणजे शिखरावर एक संस्थानिक, त्याखालीं जमातवार वांटणी, आणि या सर्व रचनेच्या तळाशीं दोघे चर्मकार बंधु. गोलंदाजीचा भार मात्र याच्या उलट क्रमानें वांटला गेला.

तें वर्ष पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाचें. २२ जून १९११ रोजीं लंडनांत समारंभ होता. महाराजांस एका हातीं बॅट आणि दुसऱ्या हातीं दरबारचें निमंत्रण, अशी अवस्था झाली. थोडेसे सामने खेळून ते संघापासून दूर झाले. मेजवान्या, भेटीगांठी आणि पुढें प्रकृतीचें कारण यांत त्यांचा मोसम गेला आणि संघाच्या आधींच ते स्वदेशीं परतले. त्यांच्याबरोबर मिस्त्री हे संघांतील एक अत्यंत नाणावलेले फलंदाजही चिटणिशीच्या कामांत अडकून पडले. कर्णधारावांचून आणि एका मुख्य फलंदाजावांचून उरलेल्या मंडळींनीं इंग्लंड पालथें घातलें. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लॉर्ड्सचा एम. सी. सी., सरे, केंट, लँकेशायर, यॉर्कशायर हे प्रतिस्पर्धी. आणि त्यांत वॉर्विकशायर, ज्यांनीं त्याच वर्षीं काउंटी स्पर्धेचें अजिंक्यपद मिळविलें. नवख्या संघाच्या सवयीसाठीं आधीं दुबळे प्रतिस्पर्धी आणि मग बळकट, अशी कांहीं सोय या कार्यक्रमांत नव्हती. सोमवारी एक सामना सुरू व्हावा, तो आटोपतो न आटोपतो तों आगगाडींत बसावें, आणि गुरुवारीं दुसऱ्या शहरीं दुसरा. विसांवा काय तो रविवारचा.

जून गेला, निम्मा जुलै गेला. पराभवामागून पराभव. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावांत बाळूंनीं १०३ धावांत आठ गडी बाद केले आणि तरीही संघ हरला. सबंध संघाची त्या मोसमांतील कहाणी या एका ओळींत आली आहे. एक बाजू अडवून धरणारा एकच माणूस. दुसऱ्या टोकानें धावा वाहत आहेत. आणि मग आपली फलंदाजी आली कीं दोन-चार गडी टिकून बाकीचे पडत आहेत.

त्यांतून तो उन्हाळा इंग्लंडास क्वचितच लाभतो तसा होता. आठवडेच्या आठवडे पाऊस नाहीं, रखरखीत ऊन. हिंदी मंडळींस ऊन मानवलें असेल असें वाटेल; परंतु धीम्या डावखुऱ्या गोलंदाजाचें खरें भांडवल म्हणजे पावसानें भिजून उन्हानें सुकूं लागलेली खेळपट्टी, जिच्यावर चेंडू पकडून वळतो. इंग्लंडची ही प्रसिद्ध देणगी त्या वर्षीं बाळूंच्या वांट्यास फारशी आली नाहीं. टणक, सपाट, फलंदाजाच्या सोयीच्या खेळपट्ट्यांवर पस्तिशीचा मनुष्य दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिला.

जुलैच्या मध्यास लेस्टर येथें प्रथम दैव फिरलें. डॉ. कांगा यांनीं १६३ धावा केल्या, बाळूंनीं दोन डावांत मिळून अकरा गडी बाद केले आणि सात गडी राखून जय मिळाला. पुढें टाँटन येथें सॉमरसेटशीं सामना अगदीं शेवटच्या टोकास गेला. शेवटची जोडी खेळत असतांना जय आला. आणि तो आणणारे होते शिवराम. त्यांनीं नाबाद शतक काढलें. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांत मिळालेले हे दोनच जय, आणि दोन्ही ठिकाणीं पालवणकर बंधूंचा हात.

योगायोग असा कीं, याच जुलै महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्यास मोहन बागान संघानें, बहुतेक खेळाडू अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघावर दोन विरुद्ध एक असा जय मिळवून फुटबॉलची ढाल जिंकली. सर्व बंगाल आनंदानें वेडा झाला. त्या गजरांत विलायतेंतून येणाऱ्या क्रिकेटच्या तारा कोणाच्या कानीं पडणार? तुलना करणें एका परीनें अन्यायाचें आहे. मोहन बागाननें एका स्पर्धेंतले कांहीं सामने आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर खेळले. क्रिकेट संघ परक्या देशांत तीन महिने रोज परीक्षेस बसत होता. पण एक फरक मात्र खरा, आणि तो नजरेआड करूं नये. मोहन बागानचे अकरा जण एका क्लबांत वर्षानुवर्षें एकत्र खेळलेले होते. 'सर्व हिंदुस्थान' संघांतील मंडळी आपल्या गांवीं एकमेकांविरुद्ध जमातवार खेळत. एक संघ म्हणून त्यांची जुळणी परक्या मैदानांवर, सामने हरत हरतच व्हावयाची होती.

मोसम संपला तेव्हां हिशेब असा निघाला. एकंदर सामने २३. जय ६, पराजय १५, अनिर्णित २. प्रथम दर्जाचे १४. त्यांत जय २, पराजय १०, अनिर्णित २. दुय्यम प्रतीच्या संघांशीं खेळलेल्या नऊ सामन्यांत मिळालेल्या चार जयांनीं एकंदर आंकडा थोडा सुसह्य केला. आतां याच्या शेजारीं दुसरा हिशेब ठेवावा. बाळूंनीं सर्व मोसमांत ११४ बळी घेतले. त्यांपैकीं प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५, आणि दर बळीमागें दिलेल्या धावा सरासरी वीस.

या पंचाहत्तर बळींचें मोल करतांना एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. जिंकणाऱ्या संघाच्या गोलंदाजास सामन्यांत बहुधा वीस गडी समोर मिळतात. हरणाऱ्या संघाचा प्रतिपक्षी पुष्कळदां एकच डाव पुरता खेळतो. दुसऱ्या डावाची वेळ येत नाहीं, आली तरी चार-दोन गड्यांत काम आटोपतें. म्हणजे बाळूंना बळी मिळविण्याची संधीच थोडी होती. त्या थोडक्या संधींत त्यांनीं सामन्यामागें पांचांहून अधिक गडी बाद केले. इंग्लंडांतील एखाद्या बलिष्ठ काउंटीकडून ते खेळले असते तर काय झालें असतें, याचा तर्क तेव्हांही अनेकांनीं केला.

पराभवाचीं कारणें त्या वेळीं पुष्कळ सांगण्यांत आलीं. हवामान, सवय, प्रवास, कार्यक्रमाची आंखणी, सर्व खरीं. पण मुख्य कारण घरचेंच होतें. ज्या संघांत पद प्रतिष्ठेनें ठरतें, जागा जमातीनें ठरतात आणि कष्ट तेवढे गुणानें ठरतात, त्या संघांत गुणवान मनुष्य थकतो आणि सामना हातचा जातो. कर्णधार निघून गेल्यावर मैदानावर सर्वांत अनुभवी, सर्वांत चलाख आणि प्रतिपक्षाचा स्वभाव ओळखणारा खेळाडू कोण होता, हें धावफलक सांगतो. तरी सूत्रें त्याच्या हातीं द्यावींत, असें कोणाच्या मनांतही येण्यासारखे ते दिवस नव्हते. इंग्लंडच्या काउंट्या तरी या बाबतींत कोठें शहाण्या होत्या? त्याही पगारी गोलंदाजास राबवून हौशी जमीनदारास कर्णधार करीत. परंतु त्यांच्याकडे असे गोलंदाज तीन-तीन, चार-चार असत, म्हणून त्यांस हा थाट परवडे.

संघ परतला. हरलेल्या संघाचें स्वागत जसें व्हावयाचें तसें थंड झालें. बाळूंचें मात्र तसें झालें नाहीं. मुंबईंत अस्पृश्य समाजानें त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगीं मानपत्र सादर करणारा तरुण वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचें नांव भीमराव आंबेडकर. पतियाळाचे महाराजही १८९१ सालींच जन्मलेले. त्या मोसमाच्या एका टोकास एक आणि दुसऱ्या टोकास दुसरा, असे हे दोघे समवयस्क उभे आहेत. हरलेल्या मोसमांतून आपल्या समाजास अभिमानाची गोष्ट गवसली, हें त्या मानपत्रानें नोंदविलें. पुष्कळ वर्षें बाळूंचें नांव आंबेडकरांच्या पिढीस उदाहरणादाखल पुरलें.

कर्णधारपदाचा प्रश्न तेथेंच संपला नाहीं. १९१३ सालीं हिंदु संघाचें नेतृत्व मुकुंदराव पै यांस मिळालें. विलायतेस बाळूंबरोबर खेळलेल्या या सारस्वत गृहस्थानें आपल्या सत्काराच्या सभेंतच सांगितलें कीं, हा मान वयानें व अनुभवानें ज्येष्ठ असलेल्या बाळूंस द्यावयास हवा होता. असें बोलण्यास धैर्य लागतें, आणि मोठेपणाही लागतो. परंतु जिमखान्याच्या चालकांवर त्याचा परिणाम झाला नाहीं. १९२० सालीं बाळूंस संघांतून वगळण्यांत आलें आणि कर्णधारपद त्यांचे बंधु विठ्ठल यांस डावलून दिलें गेलें, तेव्हां विठ्ठल व शिवराम दोघांनीं अंग काढून घेतलें आणि आपली बाजू वर्तमानपत्रांतून लोकांपुढें मांडली. लोकमत त्यांच्या बाजूस झुकलें. अंतिम सामन्यास दोघे बंधु परतले आणि बाळू उपकर्णधार म्हणून मैदानांत आले. अखेर १९२३ सालीं हिंदु संघाचें कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आलें, आणि त्या वर्षींची चौरंगी स्पर्धा हिंदूंनीं जिंकली. थोरल्या भावानें तीस वर्षें चेंडू टाकून जें मिळालें नाहीं, तें धाकट्याच्या हातीं आलें.

१९३२ सालीं हिंदी संघ पुन्हां विलायतेस निघाला तो अधिकृत कसोटी सामना खेळण्यासाठीं. कर्णधार म्हणून प्रथम निवड झाली ती त्याच पतियाळाच्या महाराजांची. त्यांनीं जाण्याचें रहित केल्यावर पोरबंदरच्या महाराजांकडे नेतृत्व आलें. एकवीस वर्षांत निवडणाऱ्यांस संस्थानिकापलीकडे कर्णधार दिसला नव्हता. फरक पडला तो लॉर्ड्सवर. आपल्या खेळाची मर्यादा ओळखून पोरबंदरकरांनीं कसोटी सामन्यांत स्वतः बाजूस राहून सूत्रें नागपूरचे सी. के. नायडू यांच्या हातीं दिलीं. नायडू हे हिंदु संघांतून विठ्ठल पालवणकरांच्या हाताखालीं खेळलेले.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत येरवड्यास जो करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत पालवणकर बाळू होते. म्हणजे ज्या पुण्यांत ते चार रुपयांवर राबले, त्याच पुण्याच्या सीमेवर ते आपल्या समाजाचे एक पुढारी म्हणून बसले. त्यांची भूमिका गांधीजींच्या बाजूची, आणि त्यामुळें डॉ. आंबेडकरांशीं त्यांचा मतभेद झाला. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंतील राखीव जागेसाठीं दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकर सुमारें दोन हजार मतांच्या फरकानें निवडून आले. ज्यानें मानपत्र दिलें त्याच्याशींच लढण्याचा प्रसंग यावा, ही त्या दोघांच्या चरित्रांतील विचित्र गोष्ट खरी. पण त्यांत वैयक्तिक वैर शोधूं जाणें व्यर्थ आहे. एकाच अन्यायावर दोन औषधें सुचविणारे ते दोघे होते.

डॉ. कांगा यांचें नांव मुंबईंत १९४८ सालीं सुरू झालेल्या पावसाळी क्रिकेटच्या स्पर्धेस दिलें गेलें आणि तें आजही तरुण खेळाडूंच्या तोंडीं आहे. बाळू पालवणकर १९५५ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत निवर्तले. त्यांच्या नांवावर एकही कसोटी सामना नाहीं; १९११ च्या संघास कसोटी सामना दिलाच गेला नव्हता.